शांतव्वाच्या चटणीत कुणाचा हात

२००७ सालचा उन्हाळा. मंगळवार पेठेत कॉम्प्युटर क्लास चालवणाऱ्या रुद्रेशच्या डोक्यात एक खूळ शिरलं होतं. पेठेतल्या घराघरांतली कांदा-लसूण चटणी एका विकीवर आणायची, म्हणजे अशा साइटवर, जिथं वाचणाऱ्यालाच लिहिताही येतं. सॉफ्टवेअर चढलं. सुरुवातीच्या सेटिंगच्या फाईलीत त्यानं साइटचं नाव घातलं, भाषा मराठी केली आणि एका ओळीवर येऊन अडला. खातं न उघडता कुणालाही मजकूर बदलू द्यायचा का?

"अजिबात न्हाय," मागून त्याची आई शांतव्वा गरजली. "माझ्या चटणीत कुणी हात घालायचा न्हाय."

हे 'कुणी' म्हणजे समोरची लालबी, हे रुद्रेशला पक्कं ठाऊक होतं. वर्षानुवर्षं दोघी मिरची कांडायला डंकावर, म्हणजे कांडपाच्या गिरणीवर, जोडीनं जायच्या. मसाला शांतव्वा भाजायची, मीठ मात्र लालबीच्याच हातचं पडायचं. मग एकदा शांतव्वाच्या चटणीबद्दल लालबी चारचौघींत बोलून गेली, "खोबरं जास्त झालंय." झालं! तेव्हापासून अबोला. लालबीच्या घरी खेळून मोठा झालेल्या रुद्रेशला त्याचं फार वाईट वाटायचं.

आईच्या शब्दाखातर त्यानं ती ओळ बंद ठेवली. महिनाभर साइटवर एकट्या शांतव्वाची चटणी. खातं उघडायची तसदी घेतो कोण? शेवटी आईला न विचारता त्यानं ती ओळ बदलून साइट सगळ्यांना खुली केली आणि क्लासला येणाऱ्या लालबीच्या सुनेच्या, नुजहतच्या, कानावर घातलं.

आठवड्याभरात शांतव्वाच्या पानावर फेरफार दिसला. त्यानं भीतभीतच तिला वाचून दाखवला. खोबऱ्याला कुणी हात लावला नव्हता. फक्त 'मीठ अंदाजानं' खोडून लिहिलं होतं, 'किलोभर मिरचीला पावशेर खडं मीठ, भाजून'.

अबोला धरल्यापासून दोन उन्हाळे शांतव्वाची चटणी कधी खारट, कधी अळणी होत होती. तिचे डोळे भरून आले.

"खाली नाव न्हाय व्हय रं?"

"न्हाय. पुन्हा बंद करू?"

"गप बस. तिच्या चटणीचं पान हाय का?"

"हाय की. कालच लिवलंय."

"वाच."

तो वाचू लागला. धण्यांपाशी शांतव्वानं त्याला थांबवलं. "एवढं धणं? रंग मरंल की!"

"बदलू?"

"लिवून कशाला? ती काय अमेरिकेत ऱ्हाती? मी जाऊनच सांगतो." पदर खोचून, चपला अडकवून ती निघालीसुद्धा.

रुद्रेश खिडकीशी गेला. समोरून लालबीचा आवाज आला, "आलीस व्हय शांतव्वा? बस, च्या ठेवतो."