उजवी बाजू

वसुधाकाकूंनी फोन करून मंगळवारी येऊ नकोस म्हणून सांगितलं, तेव्हा यतीनला वाईट वाटलं, पण नवल वाटलं नाही. अमेरिकेतल्या त्या गावात, स्टेशनबाहेरच्या टॅक्सी स्टँडवर प्रत्येकाचं गिऱ्हाईक असंच गळत चाललं होतं. काकू निवृत्त डॉक्टर. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून फिजिओथेरपीला त्या यतीनच्याच टॅक्सीतून जायच्या. आता त्यांच्या मुलानं, मिहीरनं, फोनवर ॲप टाकून दिलं होतं. तो तिकडे दुसऱ्या राज्यात, कॅरीला ऑफिसात बसून आईसाठी गाडी बोलवायचा आणि ती नकाशावर सरकताना बघायचा.

"त्याला बरं वाटतं रे," काकू म्हणाल्या. "तू राग मानू नकोस."

राग काकूंवर नव्हताच. टाउनशिपमध्ये, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या हद्दीत, टॅक्सी चालवायची तर दरवर्षी बोटांचे ठसे द्या, गाडी तपासून घ्या, वेगळा इन्शुरन्स काढा, डॉक्टरचं सर्टिफिकेट आणा, वर डोळ्यांच्या डॉक्टरचं आणा. ॲपवाल्यांनी एकदा फोनवर कागद चढवले की झालं. टॅक्सीचं चाक स्टँडच्या रेघेबाहेर गेलं तरी दंड, आणि ॲपच्या गाड्या 'थांबू नये' अशा पाटीखाली खुशाल थांबून डोळ्यांदेखत माणसं घेऊन जायच्या. यतीन एकदा टाउनशिपच्या मीटिंगला जाऊन बोललाही होता. त्याचं वाक्य अर्धं असतानाच वेळ संपल्याचा बझर वाजला. समोरच्या अधिकारी बाई हसून म्हणाल्या होत्या की ॲपच्या गाड्या राज्याच्या कायद्याखाली येतात, आमच्या हातात फक्त तुम्ही आहात.

त्या दिवशी स्टँडवरच्या जुन्या श्रीरंगकाकांची फार आठवण झाली. नाशिकहून बहिणीच्या आधारानं इथे आलेल्या यतीनला या धंद्यात त्यांनीच आणलं होतं. बर्फात ब्रेक कसा मारायचा, दारुड्याला मागच्या सीटवरून कसं उतरवायचं, सगळं त्यांनीच शिकवलं. वर्षापूर्वी त्यांनी टॅक्सी सोडली. सांगताना म्हणाले की आता पुरे झालं. खरं म्हणजे काचबिंदू निघाला होता आणि डोळ्यांच्या डॉक्टरनं सही करायला नकार दिला होता. त्या दिवशी दोघांनी गाडीत बसून डॉक्टरच्या आणि टाउनशिपच्या नावानं मनसोक्त शिव्या घातल्या होत्या. अर्धं आयुष्य स्टिअरिंगवर काढलेल्या माणसाला मशीन लावून बाद करतात म्हणजे काय, असं यतीनच म्हणाला होता.

ऑक्टोबरात काकूंच्या गल्लीतून जाताना त्यांच्या दारात एक करडी गाडी दिसली. तिच्या उजव्या दारावर लांब ओरखडा होता. पुढच्या आठवड्यात तीच गाडी ओक ट्री रोडवर दिसली, तेव्हा उजवीकडचा आरसा चिकटपट्टीनं बांधलेला होता. नंतर पुढचं उजवं मडगार्डही चेपलं. डावी बाजू मात्र शोरूममधून काढल्यासारखी. यतीनच्या मनात काहीतरी खुपायला लागलं. गाडी एकाच अंगानं झिजत चालली होती.

नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी, ऊन उतरणीला लागलेलं असताना, ती गाडी सिग्नलला त्याच्या पुढेच येऊन थांबली. मागच्या सीटवर काकूंचा पांढरा अंबाडा दिसत होता. सिग्नल हिरवा झाला. गाडी निघाली, हळूहळू उजव्या कडेला सरकत गेली, घरांपुढे ठेवलेल्या कचऱ्याच्या डब्यांना घासता घासता वाचली आणि पुन्हा मध्ये आली. पुढच्या चौकात स्टॉपची पाटी होती, तिथे प्रत्येक गाडीनं थांबायलाच हवं. उजवीकडून एक बाई बाबागाडी ढकलत रस्त्यात उतरत होती. करडी गाडी थांबली नाही. बाईनं बाबागाडी मागे खेचली आणि ती तशीच उभी राहिली.

हॉर्न मारावा तर ड्रायव्हर दचकून आणखी कुठे जाईल. त्यानं काकूंना फोन लावला.

"काकू, मी तुमच्या मागेच आहे. काही विचारू नका. पुढे किराणा दुकान आहे, तिथे गाडी थांबवायला सांगा. चक्कर येतेय म्हणा."

काकू आयुष्यभर इमर्जन्सीत काम केलेल्या. त्यांनी खरंच काही विचारलं नाही.

पार्किंगमध्ये करडी गाडी दोन जागांवर आडवी थांबली. यतीन ड्रायव्हरच्या खिडकीशी गेला. आत श्रीरंगकाका होते.

काकांनी, बरेच दिवसांनी भेटलास, अशा थाटात काच खाली केली. डॅशबोर्डवरच्या फोनमध्ये ड्रायव्हर म्हणून त्यांच्या पुतण्याचा, संग्रामचा, फोटो होता. काकांच्या नावावर दोन अपघात लागले होते, त्यामुळे ॲपनं त्यांना घेतलं नव्हतं. संग्राम आयटीत होता आणि हौसेनं काढलेलं त्याचं अकाउंट नुसतंच पडून होतं, तेच काका वापरत होते. दिवसभर घरात बसून वेड लागायची पाळी आली, असं काका म्हणाले.

"काका, ती बाई दिसली का तुम्हाला? बाबागाडीवाली?"

"कुठली बाई?"

यतीननं मागच्या चौकाकडे बोट दाखवलं. मग काकांच्याही लक्षात आलं असावं. त्यांनी स्टिअरिंगवरून हात काढून मांडीवर ठेवले.

"उजवीकडचं जरा कमी दिसतं," ते म्हणाले. "पण समोरचं सगळं दिसतं, यतीन. रस्ता समोरच असतो ना?"

काकू मागे बसून सगळं ऐकत होत्या. त्या कडक आवाजात म्हणाल्या, "गाडीची चावी याला द्या."

काकांनी मुकाट्यानं चावी दिली. यतीननं दोघांनाही आपल्या टॅक्सीतून आपापल्या घरी सोडलं. आपल्या दारात काकांनी त्याचा हात धरून शब्द दिला की पुन्हा चालवणार नाही. संग्रामनं फोनवर माफी मागितली, अकाउंट आजच बंद करतो म्हणाला आणि संध्याकाळी यतीनकडून चावी घेऊन गेला. काकूंनी मात्र बजावलं, "पेशंटच्या शब्दावर जाऊ नकोस. कळव."

यतीननं दोन दिवस काढले आणि मग मन घट्ट करून कळवलं. ॲपच्या कंपनीत माणूस मिळालाच नाही. फोनच्या पडद्यावर उत्तर आलं, आपल्या सूचनेबद्दल आभारी आहोत. पोलीस म्हणाला की त्यांचं साधं लायसन्स अजून चालू आहे, आम्ही पाहिल्याशिवाय काय करणार? टाउनशिपच्या ऑफिसातल्या माणसानं विचारलं, टॅक्सी आहे का ती? नाही म्हटल्यावर त्यानं हात वर केले. ज्या नियमांच्या नावानं यतीन इतकी वर्षं बोटं मोडत होता, त्यातला एकही नियम काकांना अडवायला पुढे येईना.

महिनाभर करडी गाडी दिसली नाही. काकू पुन्हा त्याच्या टॅक्सीतून जाऊ लागल्या. श्रीरंगकाकांना फोन केला की ते आनंदानं बोलायचे. टीव्ही बघतो म्हणायचे. मागे रस्त्याचा आवाज येतोय असं यतीनला एकदा वाटलं, पण विचारवलं नाही.

नाताळच्या आठवड्यात संग्रामचा फोन आला. अकाउंट त्यानं बंद केलंच नव्हतं, आणि काकांच्या हट्टापुढे चावीही परत दिली होती. काकांनी फुटपाथवरून उतरणाऱ्या एका माणसाला उडवलं होतं. शाळेबाहेर मुलांना रस्ता ओलांडून देणारा, चमकत्या जाकिटातला म्हातारा. तो वाचला, पण पाय गुडघ्यापासून गेला.

यतीन भेटायला गेला तेव्हा काका सोफ्यावर बसले होते. तो मुद्दाम त्यांच्या डाव्या बाजूला बसला. काका म्हणाले, "मला वाटलं, कचऱ्याचा डबा आहे." एवढंच. नंतर केस उभी राहिली, लायसन्स गेलं. ॲपच्या कंपनीनं हात झटकले. गाडी चालवणारा आमच्याकडे नोंदलेलाच नव्हता, असं त्यांचं म्हणणं पडलं.

गावात ओरड झाली. काहीतरी केलं पाहिजे म्हणून टाउनशिपनं नवा नियम काढला: टॅक्सी ड्रायव्हरांनी डोळे यापुढे वर्षातून दोनदा तपासून घ्यायचे. टॅक्सी ड्रायव्हरांनी. स्टँडवर सगळे भडकले, एकानं नोटीस फाडून टाकली. यतीननं तपासणीची वेळ ठरवून टाकली. आपल्याला राग का येत नाही, हे त्याचं त्यालाच कळत नव्हतं.

फेब्रुवारीत तो तपासणीला गेला. अंधाऱ्या खोलीत हनुवटी मशीनवर टेकवून, एक डोळा झाकून तिथल्या मुलीनं त्याला बसवलं. मधल्या दिव्याकडे बघत राहायचं, आणि आजूबाजूला ठिपका चमकला की बटण दाबायचं. डावीकडे ठिपका चमकला, त्यानं बटण दाबलं. वर चमकला, दाबलं. मग त्यानं उजवीकडे ठिपक्याची वाट बघितली, पण काही वेळ काहीच दिसलं नाही. मशीन मात्र आत बारीक कुरकुरत होतं, काहीतरी करत होतं.

"चालू आहे ना?" यतीननं विचारलं.

"चालू आहे," अंधारातून मुलगी म्हणाली. "बोलू नका. समोर बघा."

त्यानं अंगठा बटणावर तसाच ठेवला आणि समोर बघत राहिला.