डुगडुग्याच्या पायाखालचे कागद

मित्रांनो, मी एक जुना डुगडुग्या आहे. म्हणजे लिहायचं टेबल. पण घरात सगळे मला डुगडुग्याच म्हणतात. मला मान नाही. असती, तर हे सांगताना खाली घातली असती.

सुताराने मला जुन्या दाराच्या फळ्यांतून घडवलं. गप्पांच्या नादात माझा एक पाय बोटभर आखूड कापला आणि वर म्हणाला, "पाय बरोबर आहे, तुमची जमीनच उतरती आहे." सबब सांगायची विद्या मी त्याच्याकडूनच शिकलो.

माझी मालकीण तेव्हा कॉलेजात होती. डाव्या कोपराने मला दाबून धरायची आणि भराभर लिहायची. मुलांच्या मासिकात तिची पहिली गोष्ट छापून आली, तेव्हा तिच्या बाबांनी कौतुकाने माझ्यावरच थाप मारली. मी केवढा फुगलो होतो!

लग्नानंतर ती मला सासरी घेऊन आली. लेक झाली आणि माझ्यावर दुपटी, बाटल्या, इस्त्रीचे कपडे यांचा ढीग साचला. मासिकाच्या संपादकबाई फोन करायच्या, "अहो, ती अर्धी राहिलेली गोष्ट कधी पुरी करून देताय? मुलं वाट बघतात." ती म्हणायची, "बसतेच आज." बसायचीही. मग मध्येच उठून छोटीचा श्वास चालू आहे ना, ते बघून यायची. परत आली की मी जरासा हलायचो आणि ती म्हणायची, "हा असा डुगडुगत असताना कुणाला काय सुचणार?"

तिला लिहायची भीती वाटत होती, हे मला कळत होतं. तिला सबब हवी होती आणि मी ती आयती पुरवत होतो.

एका दुपारी तिने समोरचे कागद उचलले, घडीवर घडी घातली आणि माझ्या आखूड पायाखाली सारले. मी जन्मात पहिल्यांदा ताठ उभा राहिलो. पण ते कागद म्हणजे तिची अर्धी गोष्ट होती! तिला ते ठाऊक होतं आणि मलाही. पाहुणे म्हणायचे, "काय भक्कम टेबल आहे!" मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

असे दहा महिने गेले. शेवटी संपादकबाईंनी कळवलं, "उद्यापर्यंत गोष्ट आली नाही, तर यापुढे विचारणार नाही."

त्याच दिवशी छोटी रांगत माझ्याखाली आली. तिने घडी ओढली ती थेट तोंडात. मी कलंडलो, बाटली घरंगळली.

"थू कर! आधी थू कर!" मालकिणीने धावत येऊन ओला लगदा बाहेर काढला.

स्वयंपाकघरातून सासूबाई ओरडल्या, "काय खाल्लं गं तिनं?"

ती कागद उलगडून बघत राहिली. मग बारीक आवाजात म्हणाली, "माझी गोष्ट, आई."

"अगं बाई! मग तिला दे माझ्याकडे आणि उरलेली लिहून काढ, तिला परत भूक लागायच्या आत."

तिने माझ्यावरचे कपडे पलंगावर लोटले. चावलेले कागद तळव्याने सरळ केले आणि पुसलेल्या ओळी आठवत लिहायला घेतलं. मी डुगडुगलो. तिने न बघताच डावं कोपर माझ्यावर टेकलं, पूर्वीसारखं.

मित्रांनो, आम्हा टेबलांना पुसा, जपा, असं सांगायचा हक्क मी गमावला आहे. एकच मागणं आहे. माझा पाय नीट होईपर्यंत थांबू नका. सुताराला अजून कुणी बोलावलेलं नाही. मी हलतो आहे आणि ती लिहिते आहे.