सासरेबुवांची बाटली

बाटली खोटी निघाली. संस्थेच्या दफ्तरी मात्र असं काही घडलेलंच नाही, तेव्हा आपणही ते विसरू आणि पहिल्यापासून सुरू करू.

वाइनची ती बाटली संचालकांच्या सासऱ्यांची. आजोबांनी शंभर वर्षांपूर्वी घेतलेली, असं ते सांगत. जेवणात मीठ कमी असलं तरी सांगत. एके दिवशी ती तान्ह्या बाळासारखी छातीशी धरून ते प्रयोगशाळेत हजर. "जावईबापू, एवढे शास्त्रज्ञ ना तुम्ही? मग द्या दाखला!"

दाखल्यावर सही मापनवाल्या बाईंची लागायची. बाई सात वर्षं हंगामी. कायम करण्याची फाइल संचालकांच्या टेबलावर, चहाच्या कपाखाली.

बाईंनी बूच न काढता बाटली किरणोत्सार मोजायच्या शिशाच्या पेटीत ठेवली. ऐंशीएक वर्षांपूर्वी अणुबॉम्बच्या चाचण्या सुरू झाल्या तसं सीझियम नावाचं किरणोत्सारी द्रव्य जगभर पसरलं, द्राक्षांतही उतरलं. त्याआधीच्या वाइनमध्ये ते नसतं. आठवडाभर मोजणी चालली. सीझियम सापडलं, चांगलं ठसठशीत.

संचालकांनी दार लावून घेतलं. "बाई, तेवढं पुसून टाका."

"साहेब, ती काय पाटी आहे?"

"अहो, लग्नाच्या पहिल्याच वर्षी प्यायलो मी ती! मग कोपऱ्यावरच्या दुकानातली ओतून ठेवली. सासऱ्यांना कळलं तर मला घरात कोण घेईल?"

"आणि मला नोकरीत?"

"म्हणून तर म्हणतो, आपण दोघं आता एकाच बाटलीत आहोत."

बाहेरून सासरेबुवा ओरडले, "झाली का हो शंभर?"

"झाली, झाली!" संचालक म्हणाले आणि बाईंकडे हात जोडून पाहू लागले.

बाईंनी आजवर एकही आकडा फिरवला नव्हता. फाइलही हवी होती. त्यांनी पेन उघडलं आणि लिहिलं:

"मोजणी अचूक आहे. संचालकांचे सासरे चुकत नाहीत, असे संचालक कळवतात. सबब चूक बॉम्बची ठरते. तरी सर्व संबंधित सरकारांना विनंती, की त्यांनी आपापल्या अणुचाचण्या पूर्वलक्षी प्रभावाने किमान पंचवीस वर्षे आधी झाल्याचे जाहीर करावे. उत्तर येईपर्यंत निकाल लागलेला नाही असे समजावे, आणि अधोस्वाक्षरी करणारीस तोवर कायम करावे, ही विनंती."