शाळेत आईला बोलावलंय

वत्सलाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या तेव्हा कुसाबाईच्या मांडीवर विड्यांचं सूप होतं. शाळेच्या बाईंना बघताच तिनं सूप बाजूला सारलं. पोरानं आज कोणाचं डोकं फोडलं, एवढंच ऐकायचं बाकी होतं.

"काही केलेलं नाही त्यानं," बाई हसून म्हणाल्या. "शुक्रवारी तुम्ही शाळेत यायचं. सकाळभर गोरक्षाजवळ बसायचं, तो काय करतो ते बघायचं. सगळ्या आयांना बोलावलंय. शाळेच्या समितीचे रावसाहेबही येणार आहेत."

"मी? मला काय कळतंय बाई शाळंतलं?"

"आईला नाही कळणार तर कोणाला?" असं म्हणत बाई पुढच्या दाराकडे वळल्यासुद्धा.

एकोणीसशे सदतीस सालची गोष्ट. जुन्या नाशकात, विडी वळणाऱ्यांच्या गल्लीच्या तोंडाशी बाईंनी चिमुकल्यांची शाळा काढली होती. शाळा म्हणजे काय, तर एक खोली, पुढं अंगण, लाकडी ठोकळे आणि रंगीत मणी. पाटी नाही, छडी नाही. गल्लीनं आधी नाकं मुरडली. मग सकाळभर पोरं पायात येत नाहीत म्हटल्यावर आनंदानं धाडली. कुसाबाईचं मात्र तेवढ्यावर भागत नव्हतं. नवरा देवराम, पोराचा आबा, घोटीला भाताच्या गिरणीत पोती वाहायचा, ती स्वतः दिवसभर तंबाखूचा खकाणा गिळायची. पोरगं तरी यातून सुटावं, ही एकच आस तिनं धरली होती, आणि ती सगळी त्या शाळेवर होती.

आणि पोरगं कसलं, चार वर्षांचं वादळ! मागं रावसाहेब शाळा बघायला आले तेव्हा गोरक्षानं त्यांची काठी पळवली आणि तिचा घोडा करून अंगणभर दौडला. ज्यांनी उभ्या जन्मात स्वतःच्या पोराचा शेंबूड पुसला नसेल, ते रावसाहेब गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले, "आईबापांनी घरी वळण नको का लावायला? अशी मुलं ठेवायची कशाला?" उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याचं काय जातं! पण ते बोल कुसाबाईच्या काळजात रुतून बसले. आता शुक्रवारचं बोलावणं आलं, त्याचा तिनं एकच अर्थ लावला. परीक्षा आईची आहे. पोरानं दंगा केला की त्याला शाळेतून काढणार.

"येक सकाळ नुसतं गप बसाया पायजे त्यानं," ती शेजारच्या अनवरीला म्हणाली.

अनवरीनं फळीवरची डबी तिच्यापुढं सरकवली. डबीत बाळगोळ्या होत्या, अफूच्या. त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. तान्हं रडत राहिलं तर विड्या कोण वळणार? गल्लीतलं प्रत्येक लेकरू त्याच गोळीवर झोपून मोठं झालं होतं. गोरक्षसुद्धा. तो पळता झाल्यावर कुसाबाईनं ती बंद केली होती.

"आता लय मोठा झालाय तो," अनवरी म्हणाली. "एका गोळीनं काय भागतंय त्याचं?"

शुक्रवारी सकाळी कुसाबाईनं गुळाच्या खड्यात दोन गोळ्या दाबल्या आणि त्याला भरवल्या. तोंड धुतलं, केसांना तेल चोपडून भांग पाडला. शाळेत पोचेपर्यंत पोरगं तिचा पदर धरून मुकाट चालत होतं.

आया भिंतीला पाठ लावून बसल्या, मुलं चटईवर. खोलीत सगळं सामसूम. एरवी मासळीबाजार असायचा तिथं! रावसाहेबांनी खुशीनं मान डोलावली. "वा! याला म्हणतात वळण," म्हणाले, आणि बोट नेमकं गोरक्षाकडं केलं. कुसाबाईचा ऊर भरून आला. देवराम आत्ता इथं असायला हवा होता, असं तिला वाटलं.

वत्सलाबाई मात्र हसत नव्हत्या. त्या गोरक्षाजवळ येऊन बसल्या.

"कुसाबाई, याला बरं नाही का?"

"नाय बाई, शानं झालंय आता."

बाईंनी त्याच्या हातात मणी दिले. मणी बोटांतून ओघळले आणि तो एका कुशीवर कलंडला. ओठ निळे पडले होते. बाईंनी त्याला उचललं, हलवलं, गालांवर चापट्या मारल्या. "काय दिलंत याला? लवकर सांगा!"

सगळ्या बघत होत्या. रावसाहेब बघत होते. "काय नाय," कुसाबाई म्हणाली. खरं ओठांवर आलं होतं, ते तिनं गिळलं. बाईंनी पुन्हा विचारलं, ती पुन्हा तेच म्हणाली.

मग तिची नजर समोर गेली. अनवरीची रेहाना चटईवर गुडघ्यात डोकं घालून पेंगत होती. तिच्या पलीकडं लंकाबाईचा पुंजा, डोळे अर्धे मिटलेले, तोंडातून लाळ. हे शहाणपण तिनं एकटीनंच केलेलं नव्हतं.

"गोळी दिली मी!" ती किंचाळली. "दोन दिल्या! अनवरे, तू किती दिल्या? लंके, बोल की गं! बोला, नायतर मरतील समदी!"

मग एकेकीचं तोंड उघडलं. कोणी कोरा चहा पाजला, कोणी पोरांना दंडाला धरून अंगणात चालवत ठेवलं. रेहाना वाचली, पुंजा वाचला. गोरक्षाला टांग्यात घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी त्याच्या छातीला नळी लावली आणि काय दिलं होतं ते विचारलंच नाही.

कुसाबाई बोलली म्हणून बाकीची पोरं वाचली, असं गल्ली म्हणाली. खरंच होतं ते. पण पहिल्यांदा विचारलं तेव्हाच ती बोलली असती तर? हे कोणी म्हटलं नाही, तिचं तिलाच ते रात्रंदिवस ऐकू येत राहिलं. देवराम घोटीहून आला आणि पोराचा सदरा घेऊन कोपऱ्यात बसला. त्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

सुतक फिटल्यावर वत्सलाबाई आल्या आणि उंबऱ्याशीच बसल्या.

"तो ठोकळ्यांची आगगाडी करायचा," त्या म्हणाल्या. "लहानग्यांना मागं बसवायचा आणि स्टेशनं ओरडायचा. देवळाली, अस्वली, घोटी. बरोब्बर ओळीनं. घोटी आलं की म्हणायचा, थांबा, माझे आबा चढतायत. सगळी शाळा डोक्यावर घ्यायचा. तेच तुम्हाला दाखवायचं होतं मला. म्हणून बोलावलं होतं."

कुसाबाईनं पहिल्यांदाच मान वर केली.

"मंग दंगा केला तरी चालतंय, येवढं तवाच का नाय सांगितलं, बाई?"

वत्सलाबाईंचे डोळे भरून आले. "सांगावं लागेल असं वाटलंच नव्हतं मला," त्या म्हणाल्या.