माझ्यापाशी आहे

आमच्या फिनिश भाषेच्या वर्गात जी वस्तू आपल्यापाशी आहे असं म्हणावं ती येऊन शेजारी उभी राहते, आणि जी नाही म्हणावं ती निघून जाते. पहिले दोन-तीन दिवस मला हे जड गेलं. मग सवय झाली.

वर्ग टाम्पेरेतल्या एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर भरतो, सकाळी नऊ ते बारा. शिकवणाऱ्या बाईंचं नाव पिर्क्को. इथे शिक्षकांना नुसत्या नावाने हाक मारतात, पण माझ्या तोंडून ते निघत नाही, म्हणून मी पिर्क्कोबाई म्हणते. त्यांना वाटतं तेच माझ्या भाषेतलं त्यांचं पूर्ण नाव आहे.

मी पहिल्यांदा म्हटलं, "मिनुल्ला ओन," म्हणजे माझ्यापाशी आहे, "छत्री." एक पिवळी छत्री आली आणि माझ्या खुर्चीला टेकून राहिली. ती माझी नव्हती, पण माझ्यापाशी होती, आणि कोणी काही विचारलं नाही. माझ्या शेजारी बसणाऱ्या नातेलाने मांजर म्हटलं. मांजर आलं. बारा वाजेपर्यंत ते तिच्या पायाशी बसलं आणि मग तिला ते कोटात घालून घरी न्यावं लागलं. "छान," पिर्क्कोबाई म्हणाल्या. "पुढच्या वेळी जरा छोटं काहीतरी."

नातेला जॉर्जियाची. चाळिशीची, रुंद हातांची, हसताना तोंडावर हात धरणारी. पुस्तकातली फिनिश वेगळी आणि रस्त्यावरची वेगळी हे तिनेच मला दाखवलं. पुस्तकासारखं पूर्ण बोललं की वस्तू नवी कोरी येते, आणि बसमधली माणसं बोलतात तसं तोडून, गिळून बोललं की वापरलेली येते. नातेला मुद्दाम गिळून बोलायची. "नवीन बूट चावतात," ती म्हणायची.

वर्ग सुटला की आम्ही दोघी चालत पाळणाघरात जायचो, माझ्या मुलीला आणायला. नातेलाला तिकडे काही काम नसायचं. ती खिशात साखरेची बिस्किटं ठेवायची.

माझी मुलगी जुई, साडेतीन वर्षांची.

मग नाही म्हणायचा धडा आला, आणि तिथे माझी गाडी अडली. आमच्या घरात नाही म्हणत नाहीत. बार्शीला माझी आई डब्यात मीठ नसलं की मीठ वाढलं म्हणते. कुंकू वाढलं, दिवा वाढवला, निघताना जाते म्हणायचं नाही, येते म्हणायचं. लहानपणी मी एकदा तांदूळ संपले म्हटलं तर तिने माझ्या तोंडावर हात ठेवला होता. "वास्तू तथास्तु म्हणत असते, बाळा. तिला ऐकू जाईल असं बोलू नये."

म्हणून वर्गात माझी पाळी आल्यावर मी शब्द जुळवून जुळवून माझं मीठ वाढलं असं म्हटलं. घरी गेले तर ओट्यावर मिठाच्या अकरा पिशव्या रांगेत होत्या आणि बाराव्या पिशवीला जागा नव्हती म्हणून ती बेसिनमध्ये बसली होती.

"लोणची घालायचा विचार आहे का?" माझा नवरा अभिराम म्हणाला. "अगं, पण कैऱ्या कुठे मिळणारेत इथे?"

आईला फोन केला. ती म्हणाली, "बरकत आहे. वाटून टाक."

पिर्क्कोबाईंना मात्र हसू आलं नाही. "असं इथे चालत नाही," त्या म्हणाल्या. "नाही तर नाही म्हणायचं. सरळ."

त्यानंतर सगळेच सांभाळून राहायला लागले. नाहीचं वाक्य म्हणताना प्रत्येक जण जे खरोखरच नाही तेच निवडायचा. होडी नाही, हत्ती नाही, दाढी नाही. नातेलाचं वाक्य ठरलेलं होतं. माझ्यापाशी मूल नाही, असं ती रोज म्हणायची, सपाट आवाजात, आणि त्याने काहीच हलायचं नाही. ती खाली बसली की मी वहीत बघायचे.

तो शुक्रवार होता. जुईला दोन रात्री खोकला होता आणि दोन रात्री मी बसून होते. सकाळी पाळणाघराच्या दारात तिने माझा मफलर धरला. सोडेना. "आई जाऊ नको," म्हणून रडली नाही, नुसता धरला, दोन्ही मुठींनी, आणि मी तिची बोटं एकेक करून सोडवली. नऊ बोटं सुटली. दहावं सोडवताना मी जरा जोर लावला. तिने हात मागे घेतला. मला उशीर झाला होता.

वर्गात माझी पाळी आली. मी होडी म्हणणार होते. मनात शब्द तयार होता. उभी राहिले आणि मी म्हटलं, माझ्यापाशी मूल नाही.

जीभ घसरली असं म्हणता आलं असतं. पण घसरली नव्हती. मी ते वाक्य हळू, पूर्ण, पुस्तकातल्यासारखं म्हटलं. इतक्या महिन्यांतलं ते माझं पहिलं बिनचूक वाक्य. पिर्क्कोबाईंनी टाळ्या वाजवल्या. "अगदी बरोबर," त्या म्हणाल्या. "पुन्हा एकदा म्हणून दाखव, सगळ्यांना ऐकू दे."

मी पुन्हा म्हटलं.

नातेलाने माझ्याकडे पाहिलं. तिने तोंडावर हात धरला, पण ती हसत नव्हती.

मग मधली सुट्टी झाली. मी कॉफी घेतली आणि ती गरम असतानाच तळापर्यंत प्यायले. खिडकीशी उभी राहिले. खांदे हलके वाटत होते. एक सबंध पान वाचून काढलं, मध्ये मान वर न करता. हे सांगितलं नाही तर बाकीचं सांगण्यात अर्थ नाही. तो पाऊण तास मला चांगला गेला.

पुन्हा वर्गात येऊन पिशवीत पेन शोधायला हात घातला. ओल्या टिश्यूंचं पाकीट नव्हतं. जास्तीची चड्डी नव्हती, खोकल्याचं औषध नव्हतं, तळाशी कायम असणारे बिस्किटाचे कण नव्हते. बाहीवरचा सकाळचा दुधाचा डाग गेला होता. मी स्वेटरच्या आत हात घातला आणि ओटीपोटावर बोटं फिरवली. सिझेरियनचा व्रण असायला हवा तिथे कातडी गुळगुळीत होती, कॉलेजात होती तशी.

जिन्यात जाऊन अभिरामला फोन लावला.

"जुईचं औषध तू घेतलंस का सकाळी?"

"कोणाचं?"

"जुईचं."

मागे त्याच्या ऑफिसातली माणसं बोलत होती. "मैत्रीण आहे का वर्गातली?" तो म्हणाला. "बोलाव ना रविवारी जेवायला. तेवढंच जरा मीठ तरी खपेल."

बारा वाजता मी आणि नातेला निघालो. मी चालत नव्हते, पळत होते, आणि नातेला मागून कोट सावरत येत होती. रस्ता रोजचाच होता, पण दर कोपऱ्यावर तो थोडा अरुंद आणि लांब होत गेला. शेवटच्या गल्लीत आम्हाला एकामागे एक चालावं लागलं, दंड भिंतींना घासत.

या देशातल्या पाळणाघरात मुलांच्या प्रत्येक वस्तूवर नावाची पट्टी लावावी लागते. टोपी, प्रत्येक मोजा, प्रत्येक बूट. सुरुवातीला मी हसले होते. मग मीही ऑक्टोबरभर इस्त्री घेऊन बसले आणि चव्वेचाळीस पट्ट्या चिकटवल्या. पट्टी नसलेली वस्तू दाराजवळच्या फळीवर ठेवतात आणि शुक्रवारी दुपारी एक वाजता फळी रिकामी करतात. वस्तू ज्यांना हव्यात त्यांच्याकडे जातात.

जुई फळीवर बसली होती. एका बाजूला एकटा हातमोजा, दुसऱ्या बाजूला कोणाचा तरी थर्मास. पाय खाली सोडून ती हलवत होती. अंगावर गळ्यापासून पायांपर्यंतचा जाड हिवाळी पोशाख होता, त्याची समोरची चेन उघडी. टोपीवरची, बुटांवरची, सगळ्या पट्ट्या कोऱ्या होत्या.

तिने मला पाहिलं. इतर मुलांच्या आया आल्यावर ती त्यांच्याकडे जसं बघते तसं पाहिलं, आणि मग नातेलाच्या खिशाकडे.

पाळणाघरातल्या ताई सातू नावाच्या. त्यांच्या हातात मोठी कापडी पिशवी होती आणि फळीच्या डाव्या टोकापासून त्या एकेक वस्तू तिच्यात भरत होत्या.

"ही माझी मुलगी आहे," मी मराठीत म्हटलं.

सातूताई हसल्या. त्यांना कळलं नाही.

फिनिशमध्ये सांगायला गेले तर माझ्याकडे वाक्यच नव्हतं. पिर्क्कोबाईंनी सात धडे घेतले होते. माझ्यापाशी काहीतरी आहे, एवढंच आम्हाला येत होतं. हे समोरचं, हेच, ते माझं आहे, असं सांगणं आठव्या धड्यात होतं. आठवा धडा पुढच्या मंगळवारी.

म्हणून येत होतं ते म्हटलं. माझ्यापाशी मूल आहे, असं पुस्तकासारखं पूर्ण.

अंगणाचं दार उघडलं आणि एक मुलगी आत आली. साधारण जुईएवढी, भुऱ्या केसांची, गालावर एकही ओरखडा नसलेली, नवी कोरी. तिने माझा डावा हात धरला आणि मला आई म्हणाली.

"बघा, आली," सातूताई म्हणाल्या. "छान आहे हो."

"ही नाही," मी म्हटलं. पण नाही म्हणताना माझी मलाच भीती वाटली आणि मी मध्येच थांबले.

मग मला नातेलाचे बूट आठवले. मी तेच वाक्य तोडून, गिळून, बसमधल्यासारखं म्हटलं. दुसरी एक मुलगी आली. हिचं नाक वाहत होतं, कपाळावर जुनी खपली होती, एक दात थोडा किडलेला. ती रडून दमलेली होती, पण ते रडणं दुसऱ्या कोणाच्या तरी घरातलं होतं. तिने माझा उजवा हात धरला. धरताना तिची बोटं चिकट होती. तिला कोणीतरी सकाळी जाम दिला होता.

मी हे लिहितेय तेव्हा या दोघी घरी, आतल्या खोलीत झोपल्या आहेत. दुपारी दीड ते अडीच. एरवी लिहायला सवड होत नाही. त्या चांगल्या आहेत, दोघीही. भात खातात.

सातूताई थर्मासपर्यंत आल्या होत्या. घड्याळात एक वाजायला सहा मिनिटं होती.

"ही कुठे जाईल?" नातेलाने विचारलं. तिचं फिनिश माझ्याहून बरं होतं.

"ज्यांना हवी त्यांच्याकडे."

"कोणाला?"

"ते आम्ही विचारत नाही," सातूताई म्हणाल्या आणि थर्मास पिशवीत ठेवला.

नातेला माझ्याकडे वळली. तिचे डोळे भरले होते आणि चेहरा लाल झाला होता, पळाल्यामुळे असेल. "मी म्हणू?" तिने विचारलं.

माझे दोन्ही हात धरलेले होते. मी हात ओढून पाहिले. नव्या मुलीने सोडला नाही. जुन्या मुलीने दोन्ही मुठींनी धरला. तिची बोटं एकेक करून सोडवायला माझ्याजवळ दुसरा हात नव्हता, आणि असता तरी मी ते केलं असतं की नाही, मला सांगता येत नाही.

"तू म्हटलंस तर ती तुझ्याकडे जाईल," मी म्हटलं.

"हो."

"तुझं घर कोणत्या मजल्यावर आहे?"

"तिसऱ्या. मांजर आहे."

"तिला मांजर आवडतं."

"माहीत आहे मला," नातेला म्हणाली. "बाकी काय आवडतं ते सांग. लवकर सांग."

मी सांगायला लागले, सुट्या शब्दांनी आणि खुणांनी. वरणभात, पण वरण वेगळं आणि भात वेगळा. नखं कापताना गाणं लागतं, कोणतंही. खोकला आला की उशी उंच करायची. आंघोळीला आधी पाय. मी सांगत होते आणि नातेला ओठ हलवून पाठ करत होती, आणि माझ्याकडचं फिनिश संपत आलं होतं, त्यामुळे अंधारात तिला काय लागतं ते राहिलं. सातूताईंनी एकटा हातमोजाही उचलला. फळीवर आता फक्त जुई होती.

मी मान हलवली.

नातेलाने ते वाक्य म्हटलं. इतके महिने ती ते नाही लावूनच म्हणत आली होती, त्यामुळे पहिल्यांदा अडखळली. दुसऱ्यांदा बरोबर आलं. जुई फळीवरून घसरत खाली उतरली, दोन पावलं चालली आणि तिच्यापुढे उभी राहिली. पट्टीवर काळी अक्षरं उमटत गेली. मी ती वाचली नाही.

"बाहेर उणे अकरा आहे," सातूताई म्हणाल्या. "चेन लावा तिची."

नातेला गुडघ्यांवर बसली. चेन अर्ध्यात अडकली. तिने ओढली, खाली घेतली, पुन्हा ओढली. जुई कंटाळली. ती चेन अशीच अडकते. पोटापाशी कापड आत ओढलं जातं, ते आधी दोन बोटांनी बाहेर काढावं लागतं आणि मग सरळ न ओढता जरा डावीकडून.

"सोडा गं थोडा वेळ," मी त्या दोघींना म्हटलं, मराठीत. त्यांनी हात सोडले आणि माझा कोट धरला.

मी खाली बसले. कापड बाहेर काढलं. चेन डावीकडून वर घेतली, छातीपर्यंत, गळ्यापर्यंत. शेवटच्या चार बोटांत गळ्याची कातडी चिमटते म्हणून मी थांबले आणि तिला काही सांगितलं नाही.

जुईने आपणहून हनुवटी वर केली, वर छताकडे बघत, डोळे घट्ट मिटून, आणि वाट पाहत उभी राहिली.