वेताळाचे पाय

विषय : बोहाड्यातील वेताळाचं चित्रण सीडीवरून कॉम्प्युटरच्या लहान फाइलीत घेण्याबाबत.
संदर्भ : वेताळाचं सोंग घरात राहावं, यासाठी उमेशने उत्सव कमिटीला दिलेला अर्ज.

वरील विषयी बोलतेय ती मीच, ती सीडी. माझा जन्म मोखाड्यात, दोन हजार चार साली. सुशीलाबाईंच्या भाच्याने नवा कॅमेरा घेतला होता. त्याचं करायचं काय हे न सुचल्याने त्याने बोहाडा टिपला आणि माझ्यावर उतरवला.

बोहाडा म्हणजे देवादिकांचे आणि राक्षसांचे मुखवटे चढवून संबळाच्या तालावर नाचत निघायचं. त्यातला वेताळ सुशीलाबाईंच्या यजमानांचा, गोवर्धनरावांचा. वर्षभर कचेरीत मान खाली घालून जावक क्रमांक टाकणारा हा कारकून बोहाड्यात नाचू लागला, की साहेबसुद्धा बाजूला सरकत.

सुरुवातीला माझं कौतुक फार. पाहुणा आला की चहाच्या आधी मी. मला पुसायला पदर, टॉवेल, जे हाताला लागेल ते. पुढे मी शोकेसमध्ये काचेच्या बदकाखाली गेले.

तीन वर्षांनी गोवर्धनरावांना अर्धांगवायू झाला. वाचा टिकली, एक पाय गेला. गावचा रिवाज असा, की घरात कुणाला चाल येते तोवरच सोंग त्या घराचं. नाहीतर ते दुसऱ्या घरी जातं. मुलाने, उमेशने, अर्ज ठोकून दिला. चाल मात्र येत नव्हती. तो पडला शाळामास्तर.

गोवर्धनराव खाटेवरून शिकवू लागले. "अरे, ही वेताळाची चाल? फाइल घेऊन साहेबाच्या केबिनमध्ये चाललायस होय?"

"मग कशी ते दाखवा ना, आबा!" उमेश बोलून गेला आणि त्याने जीभ चावली.

तेव्हा कुठे माझी आठवण झाली. पण ओरखड्यांमुळे मी नेमकी नाचापाशीच अडले. वेताळाचा पाय हवेत तो हवेतच. उमेशने मला जव्हारला कमलेशच्या फोटो स्टुडिओत नेलं. कमलेशने मला हळुवार पुसलं, माझ्यावरचं सगळं कॉम्प्युटरवर ओढून घेतलं आणि म्हणाला, "बारीक करून देतो सर, जागा कमी खाईल."

घरच्या कॉम्प्युटरवर फाइल लागली. मुखवट्याचे दात मोजून घ्यावेत इतके स्वच्छ. पाय मात्र नुसते चौकोन. फाइल बारीक करताना जे स्थिर बसतं ते शाबूत राहतं, जे धावपळ करतं ते चेपलं जातं. कचेरीत आयुष्य काढलेल्या माणसाला यात नवल नव्हतं. तरी ते भडकले.

"तोंड काय दाखवतोस? तोंड लाकडाचं आहे! पाय कुठायत?"

"चौकोन झाले, आबा."

"वेताळाला फरशी बसवून आणलीस!"

उमेश पुन्हा जव्हारला. कमलेश म्हणाला, "मग जागा खाईल, सर."

"खाऊ दे. पाय पाहिजेत."

या वेळी पाय आले. फाइल थांबवून, मागे नेऊन सगळे बघत बसले. एकदम उमेश ओरडला, "आबा, वळताना तुम्ही टाच आधी टाकता!"

"मी?" गोवर्धनराव चकित. "मला कुठं ठाऊक!"

मग ओटीवर उमेश वळला, टाच आधी टाकून. खाटेवर गोवर्धनरावांचा चांगला पाय ताल धरत होता.

"अहो, रडताय काय?" सुशीलाबाई म्हणाल्या. "कुणीतरी पंखा लावा, वेताळाला घाम आलाय."

मी सुटले. इतकी वर्षं एकच धाक होता, मी तडकले तर तो नाच गेला. आता खुशाल तडकावं. माझी विनंती एवढीच, की घरच्यांनी त्या फाइलीची आणखी एक प्रत काढून दुसरीकडे ठेवावी.

कमिटीची सभा गणसंख्येअभावी तहकूब झाली. उमेशचा अर्ज प्रलंबित आहे.