थोरलीचे उरलेले अकरा तास

तो दिवा तुम्ही लावलात, साहेब. शेजाऱ्यानं लावला नाही, आपोआप उगवला नाही. आमच्या गच्चीच्या कठड्यापासून बारा फुटांवर, बरोबर डोळ्यांच्या उंचीला, लख्ख पांढरा दिवा, आणि त्याला बाजूनं कसलंही झाकण नाही. अर्धा उजेड रस्त्यावर, अर्धा माझ्या गच्चीत. मी तीन अर्ज दिले. दिवा काढा असं एकाही अर्जात म्हटलं नाही. गच्चीच्या बाजूनं पत्रा लावा, एवढंच मागितलं. तिसऱ्या अर्जाला तर पत्र्याचं माप काढून जोडलं. तुमच्या पालिकेकडून कागदाचा चिटोरा आला नाही. खिडकीतला कारकून मात्र म्हणाला, "आजोबा, लोक अंधाराची तक्रार घेऊन येतात. तुम्ही उजेडाची आणलीत. देव देतो आणि कर्म नेतं, ते असं."

मागच्या रांगेतली माणसंसुद्धा हसली. हसू देत. यावेळी अर्जाचा नमुना वापरत नाही. सगळं लिहितो.

मी अडतीस वर्षं चष्म्याच्या दुकानात काचा घासल्या. माझी मोठी बहीण शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होती. दुर्बिणीचा आरसा घरी घासायचा, हे ताईच्या डोक्यातून निघालं. मी म्हटलं, काच माझा धंदा आहे, बाजूला हो. तीन आठवड्यांत मी कडेला जास्त दाब देऊन आरशाची कड पाडली, म्हणजे हवी त्यापेक्षा खोल घासली. ताईनं बोट फिरवलंसुद्धा नाही, नुसतं तिरपं बघितलं आणि म्हणाली, "चष्मेवाले, पुन्हा पहिल्यापासून." स्वयंपाकघरात एका पिंपावर काच ठेवून आम्ही दोघं तिच्याभोवती आळीपाळीनं फिरत घासायचो. अकरा महिने लागले. घासायची पूड कणकेत जायची. बायको म्हणायची, "वन्सं, तुमच्या भावाला काय व्हायचं ते होऊ दे, पण पोळी करकरतेय."

त्या आठ इंची आरशाची दुर्बीण म्हणजे थोरली. उभी केली की माझ्या खांद्यापर्यंत येते. नंतर दोन विकत घेतल्या: चंद्रासाठी एक बुटकी, आणि हातभर लांबीची धाकटी.

थोरलीवर कॅमेरा लावून आम्ही सिंह राशीतल्या एका दीर्घिकेचा फोटो काढायला घेतला. असा फोटो एका दमात निघत नाही. पाच पाच मिनिटांचे फोटो काढायचे आणि एकावर एक रचायचे, तेव्हा कुठे तिच्या बाहेरचे फिकट हात दिसायला लागतात. ताईनं हिशेब केला होता: चाळीस तास. चारशे ऐंशी फोटो. दरवर्षी वसंतात सिंह डोक्यावर असतो, तेवढेच दोन-तीन महिने, त्यात ढग, त्यात चंद्र. चौथ्या वर्षी तीनशे अठ्ठेचाळीस झाले आणि ताई गेली. एकोणतीस तास. उरले अकरा. पुढच्या वसंताच्या आधी तुमचा दिवा आला.

आता घरातली गोष्ट. माझ्या सासूबाईंचं कमरेचं हाड मोडलं. त्यांना आमच्याकडे आणायचं ठरलं, आणि ज्या खोलीत दुर्बिणी होत्या ती त्यांना द्यायची, हेही ठरलं. त्यात माझं काहीही म्हणणं नाही. सासूबाईंनी मला कधी दुखवलेलं नाही. पण खाट मांडल्यावर एकाच दुर्बिणीपुरती जागा उरत होती.

बुटकी एका शिक्षिकेनं वर्गातल्या पोरांना चंद्र दाखवायला नेली. राहिल्या दोघी.

"धाकटी ठेवा," बायको म्हणाली. "दिव्यातही चालते ती. तुम्हीच सांगता ना?"

मीच सांगतो. तेजोमेघाचा लाल प्रकाश एकाच रंगाचा असतो. धाकटीला तेवढाच रंग आत सोडणारी काच लावली की तुमचा दिवा बाहेर राहतो. दीर्घिकेत सगळेच रंग असतात. ती काच लावली तर दिवा जातो आणि दीर्घिकाही जाते. म्हणजे थोरली तुमच्या दिव्यापुढे आंधळी. आणि ती काखोटीला मारून कुठे अंधारात न्यावी म्हणाल, तर स्टँडसकट उचलायला दोन धडधाकट माणसं लागतात. ती गच्चीसाठीच बांधलेली आहे.

"मग?" बायको म्हणाली.

"मग काय. थोरली विकू."

"चेहरा असा करू नका, मी काही तुमच्या बहिणीला घराबाहेर काढत नाहीये."

रविवारी दुपारी औषधांच्या दुकानाचा तरुण मालक आला. नुकताच या नादाला लागलेला, बोलायला गोड. थोरलीभोवती दोनदा फिरला. "काका, घरी घासलाय आरसा? खरंच? कमाल आहे!" त्याला ती आवडली होती. घेऊन गेला असता, आणि त्याच्या गच्चीवर, त्याच्या अंधारात ती चांगली नांदली असती. हे मला तेव्हाही कळत होतं.

"आत बघू का?" त्यानं विचारलं.

"बघा की," मी म्हटलं. "मोबाइलचा टॉर्च मारा, म्हणजे नीट दिसेल."

या कामातल्या माणसाला हे वाचून माझी लाज वाटेल. आरशावर टॉर्च मारायचा नसतो. कालच घासलेला आरसाही टॉर्चखाली खरूज झाल्यासारखा दिसतो. धुळीचा प्रत्येक कण, पुसल्याची प्रत्येक रेघ पेटून उठते. फोटोत त्यातलं काहीही येत नाही. नवखा माणूस ते बघतो आणि घाबरतो.

तो घाबरला. "काका... हा आरसा गेलाय हो."

मी खांदे उडवले. खोटं एक अक्षर बोललो नाही. खरंही बोललो नाही.

"आणि ती छोटी? ती देणार का?"

बायको दारात उभी होती. तिनं माझ्याकडे बघितलं, मी धाकटीकडे. "न्या," मी म्हणालो.

तो धाकटीला पोराला धरावं तसं छातीशी धरून जिना उतरला. बायकोनं दार लावलं.

"टॉर्च मारणाऱ्याला आरसा दाखवू नये, असं वन्सं म्हणायच्या."

"हो."

"तुम्ही त्याला मारायला लावलात."

"हो म्हटलं ना."

"आता काय बघणार त्यातून? खांब?"

ती आत गेली आणि खाटेवरची जुनी चादर आणून तिनंच थोरलीवर घातली, खाली टोकं नीट खोचली. "फरशी पुसताना चादरीची कड ओली होऊ देऊ नका," एवढंच म्हणाली.

सासूबाई आल्या. पहिल्याच दिवशी विचारलं, "जावईबापू, हा पाण्याचा बंब का?" मी म्हटलं, दुर्बीण आहे. "मग दाखवा की काहीतरी. पडून पडून छताचे पोपडे मोजून झाले." आता त्या रोज विचारतात. मी रोज म्हणतो, उद्या.

दिवसा मी संगणकावर ते तीनशे अठ्ठेचाळीस फोटो उघडतो. रचलेल्या चित्रात दीर्घिकेचा एक हात स्पष्ट आहे. दुसरा सुरू होतो आणि रव्यासारख्या काळ्या ठिपक्यांत विरतो. तो तिथे आहे, हे मला माहीत आहे. ताईलाही माहीत होतं, म्हणून तर तिनं चाळीस तास धरले होते. वहीत काही फोटोंच्या नोंदींत तिचं अक्षर आहे: "वारा. हा घेऊ नकोस." "हा चांगला." शेवटच्या नोंदीत "थंडी फार, चहा कर" असं लिहिलंय. कुणाला सांगितलंय ते लिहिलेलं नाही, पण गच्चीवर आम्ही दोघंच असायचो.

दुसऱ्या कुणी काढलेले त्याच दीर्घिकेचे फोटो हवे तेवढे मिळतात, असं तुमचा कारकून म्हणेल. मिळतात. बघितलेत मी. मला आमचा हवाय.

अंधार पडला की सिंह आता पूर्वेला वर येतोय. मी सहासष्ट वर्षांचा आहे, गुडघे बोलायला लागलेत. थोरलीवरची चादर मी काढलेली नाही.

साहेब, दोन फूट पत्र्याचा प्रश्न आहे. लावणार आहात का? कोणत्या तारखेला? नसाल लावणार, तर का नाही, ते लिहा आणि खाली तुमचं नाव लिहून सही करा. तोंडी निरोप नको. उत्तर द्या.